अंगणातील पद्मिनी : एका छंदाचा ताळेबंद

सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, खाद्यतेलाच्या घाऊक पेढीमागील पत्र्याच्या शेडमध्ये एक प्रीमियर पद्मिनी कित्येक वर्षे उभी होती. पेढीच्या थोरल्या मालकांनी ती १९८६ साली घेतली आणि पुढच्याच वर्षी घरच्या सूनबाईंचा गृहप्रवेश याच गाडीतून झाला. आज त्या सूनबाईंना नातवंडे आहेत, थोरले मालक निवर्तले आहेत आणि पेढीचा कारभार तिसऱ्या पिढीच्या हाती गेला आहे. गाडीचे इंजिन महिन्यातून एकदा सुरू केले जात असे आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरणही होत असे. परंतु निळ्या रंगाला जागोजागी फोड आले होते, दारांच्या तळाशी गंजाने पत्रा खाल्ला होता आणि चाकांवरील कमानी बोट लावताच भुरभुरत होत्या.

गॅरेजने संपूर्ण रंगकामाचा जो अंदाज दिला, तो एका नव्या स्कूटरच्या किमतीइतका होता. मुलाने व्यापारी हिशेब मांडला. मोटारीवर आजच्या दराने पंधरा टक्के घसारा धरला, तर एक लाखाची गाडी वीस वर्षांनी वहीत अवघी ३,८७६ रुपयांची उरते. हिला तर त्याच्या जवळजवळ दुप्पट काळ लोटला. "पप्पा, भंगारात देऊन मोकळे होऊ," असे तो म्हणाला. हिशेबात चूक नव्हती. शेठजी त्या वर्षी पेढीवरून निवृत्त झाले होते, वय चौसष्ट. त्यांनी एवढेच सांगितले, "एक वर्ष थांब. मी स्वतः रंगवून पाहतो."

नोंद आणि वस्तू

पद्मिनी ही महाराष्ट्रातील व्यापारी घरांना परकी गाडी नव्हे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावरून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या बनू लागल्या आणि १९७४ पासून त्यांतील एक गाडी पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, जाड पत्रा आणि गावातल्या कोणत्याही मिस्त्रीला उलगडेल अशी साधी रचना हे तिचे बळ. हौशी माणसाने रंगकाम शिकण्यासाठीही ती सोयीची आहे, कारण तिची दारे, बॉनेट, डिकी आणि मडगार्ड स्क्रू-बोल्ट काढून वेगळे करता येतात.

शेठजींनी कामाला आरंभ केला तो कागदपत्रांपासून. नोंदणी पुस्तकात गाडीचा रंग हस्तिदंती लिहिलेला होता, तर समोरची गाडी निळी होती. डिकीच्या कडेचे रबर उपसले तेव्हा त्याखाली मूळ रंगाची बोटभर पट्टी जशीच्या तशी सापडली. गाडीचा रंग बदलला की आरटीओकडे तशी नोंद करून घ्यावी लागते. १९९८ साली गाडी निळी करून घेतली तेव्हा ते कोणाच्या ध्यानीही आले नव्हते. वही आणि माल यांचा मेळ न बसणे ही व्यापाऱ्याला अस्वस्थ करणारी गोष्ट. गाडी पुन्हा हस्तिदंती करायची, हे तिथेच ठरले.

मिस्त्रींची अट

१९९८ साली ज्या मिस्त्रींनी गाडी निळी केली होती, त्यांच्याकडे शेठजी सल्ल्यासाठी गेले. मिस्त्री वयाने त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. पण जिन्याच्या सहा पायऱ्या उतरून येताना त्यांना दोनदा थांबावे लागले. त्यांनी काम सोडून बारा वर्षे झाली होती. रंगाचा वास आला तरी छाती आवळते, असे त्यांनी सांगितले आणि डॉक्टरांनी दिलेला पंप खिशातून काढून दाखवला.

शेठजींना १९९८ चा तो आठवडा आठवला. दिवाळी तोंडावर होती आणि गाडीला काचेसारखी चमक हवी होती. हार्डनर मिसळून मारायचा रंग गावात तेव्हा नवाच होता. तोच वापरा, असा आग्रह शेठजींनीच धरला होता. धूळ बसू नये म्हणून गॅरेजचे शटर खाली ओढून मिस्त्रींनी दोन रात्रींत काम उरकले होते, तोंडाला हातरुमाल बांधून. त्या एका कामाने मिस्त्रींचा श्वास गेला, असे म्हणता येणार नाही. तशी शेकडो कामे त्यांनी केली होती. पण त्या शेकड्यांत एक आपले होते, हे शेठजींना नाकारता येईना.

"शेठ, गनला मी हात लावणार नाही," मिस्त्री म्हणाले. "पण वाऱ्याच्या बाजूला खुर्ची टाकून द्या. मी बसून सांगतो, हात तुमचे." अट एकच होती : घरी हार्डनरचा रंग आणायचा नाही. दिवसाची हजेरी घ्यायला मिस्त्री तयार नव्हते. पेढीवर फुकटचा सल्ला कोणी देत नाही आणि घेतही नाही, असे शेठजींनी निक्षून सांगितले, तेव्हा कुठे ते कबूल झाले.

घासण्याचे दिवस

अक्षय्य तृतीयेनंतर काम सुरू झाले. पहिले तीन महिने रंगाचा डबा उघडायचा नाही, असे मिस्त्रींनी आधीच बजावले होते. नवख्या माणसाला रंगकाम म्हणजे गन चालवणे वाटते. प्रत्यक्षात कारखान्यातून आलेल्या गाडीवरील सर्व थरांची एकत्रित जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दोन केसांइतकी असते. इतका पातळ पडदा खालचा कोणताही दोष झाकू शकत नाही; उलट चमक आली की तोच दोष अधिक उठून दिसतो.

म्हणून आधी गंज. तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासायचा, कुजलेला भाग कापून तिथे वेल्डिंगवाल्याकडून नवा तुकडा बसवून घ्यायचा, फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावून, ते पुसून, त्याच दिवशी प्रायमर मारायचा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला, तर सकाळी त्यावर गंजाची पिवळी छटा धरलेली असते. नंतर पोचे ठोकून जमेल तेवढे सरळ करायचे आणि उरलेल्या उणिवेपुरतीच पुट्टी भरायची. पुट्टी जाड भरली की पुढे तडकते.

पुट्टी घासताना शेठजींनी पहिली चूक केली. पेपर बोटांनी धरला आणि बोटांच्या दाबाने पृष्ठभागावर बारीक सरी उमटल्या. मिस्त्रींनी त्यांना सपाट लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळायला लावला. आधी ८०, मग १८०, मग ३२० नंबर, आणि प्रत्येक वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. तपासणी डोळ्यांनी करायची नाही. तळहात आणि पत्रा यांच्यामध्ये सुती फडके धरून, डोळे मिटून हात फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा खळगा हाताला कळतो.

प्रायमर बसल्यावर त्यावर काळ्या रंगाची अगदी विरळ फवारणी करून ४०० नंबरच्या पेपरने पाण्यात घासायचे, ही पुढची पायरी. उंच भागावरचा काळा रंग लगेच निघतो, खोल भागात तो तसाच राहतो. हिशेबाची वही तपासताना चुकलेल्या रकमेपुढे खूण करावी, तशी ही पद्धत शेठजींना वाटली. जिथे काळे उरले, तिथे पुन्हा पुट्टी आणि पुन्हा घासणे. पाण्यात भिजणारा पेपर ही अमेरिकेतील थ्री-एम कंपनीची १९२१ ची देणगी. त्यामुळे कोरड्या घासण्यात उडणारी धूळ कामगारांच्या नाकातोंडात जाण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. पुढे १९२५ मध्ये त्याच कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी मास्किंग टेप तयार केली. सेंट पॉल शहरातील एका गॅरेजमध्ये दोन रंगांची गाडी रंगवताना कामगारांची होणारी फजिती पाहून त्यांना ती सुचली होती. आज प्रत्येक रंगाऱ्याच्या पेटीत या दोन्ही वस्तू असतात.

गनचा पूर्वज

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी ब्रशने, वॉर्निशाचे थर देत रंगवल्या जात आणि ते वाळायला कित्येक आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज रंग जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. हा रंग इतका लवकर वाळतो की तो ब्रशने नीट पसरत नाही, त्यासाठी गनच हवी.

त्या गनची कुळकथा विलक्षण आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातील टोलिडो शहरी ॲलन डीव्हिलबिस नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. रुग्णांच्या घशात औषध सूक्ष्म तुषारांच्या रूपाने पोहोचावे म्हणून त्यांनी १८८० च्या दशकात रबरी फुग्याचे एक फवारणीयंत्र बनवले. त्यांचे पुत्र टॉमस यांनी पुढे त्याच तत्त्वावर रंगाची गन तयार केली. घशाला आराम देण्यासाठी जन्मलेले साधन असे रंगाऱ्याच्या हाती आले. तुषार जितके बारीक तितके औषध खोलवर जाते. रंगालाही हाच नियम लागू आहे.

श्रावणातील धडे

शेठजींनी एक छोटा कॉम्प्रेसर आणि कमी दाबाने अधिक हवा सोडणारी गन विकत घेतली. जुन्या पद्धतीच्या गनमधून उडालेल्या रंगापैकी बराच हवेत वाया जातो. या गनमधून किमान पासष्ट टक्के रंग पत्र्यावर बसणे अपेक्षित असते. घरगुती कॉम्प्रेसरची हवा मात्र मोठ्या भागाला पुरत नाही. एक दार झाले की थांबायचे, टाकी भरू द्यायची, असे धोरण त्यांना ठेवावे लागले.

भंगारातून आणलेल्या एका मडगार्डवर प्रयोग झाले. पहिल्या दिवशी रंगावर माशाच्या डोळ्यांसारखे वाटोळे खळगे पडले. मिस्त्रींनी शेडकडे नुसते बोट दाखवले. तेलाच्या पेढीमागची ती जागा, तिथल्या भिंतींनाही तेलाचा ओशटपणा. डोळ्यांना न दिसणारा तेलाचा अंश पत्र्यावर बसला होता. काम अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, तीन बाजूंनी मोकळ्या मांडवात हलवले गेले. तेव्हापासून प्रत्येक भाग साबणाने धुऊन, थिनरच्या फडक्याने पुसून, तो ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपण्याची शिस्त लागली.

दुसऱ्या वेळी रंगाला ओघळ आले, कारण हात एका जागी रेंगाळला. तिसऱ्या वेळी गन फार दूर धरल्याने पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत झाला. पत्र्यापासून वीतभर अंतर, मनगट न वळवता सरळ चालणारा हात, भागाच्या बाहेरच गन सुरू करणे व बाहेरच थांबवणे, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवणे, हे सारे अंगवळणी पडायला दीड महिना गेला. चौथ्या वेळी सर्व काही बरोबर केले, तरी रंग दुधाळ पडला. थिनर झपाट्याने उडाला की पत्रा थंड होतो आणि पावसाळी हवेतील बाष्प ओल्या रंगावर उतरते, हे त्याचे कारण. "आता दिवाळी होऊ द्या," एवढेच मिस्त्री म्हणाले.

हार्डनरचा डबा

वाट पाहण्याच्या या काळातच मोहाचा प्रसंग आला. नायट्रोसेल्युलोज रंगाची चमक घासून-पुसून आणावी लागते आणि ती काही वर्षांत मंदावते. हार्डनरच्या रंगाची चमक आपोआप येते आणि दीर्घकाळ टिकते. चार महिने घासलेल्या पत्र्यावर उतरती चमक का चढवावी, हा विचार शेठजींच्या मनातून जाईना. सोलापूरला गेले असता त्यांनी हार्डनरचा रंग आणि कोळशाच्या डबीचा एक मास्क आणला. तो डबा मिस्त्रींनी मांडवात पाहिला, काही न बोलता ते उठले आणि पुढे आठ दिवस आले नाहीत.

नवव्या दिवशी रात्री शेठजी त्यांच्या घरी गेले. मिस्त्री उशांना टेकून बसून होते. आडवे झाले की दम लागत असे. बोलता बोलता त्यांनी जे सांगितले, ते वैद्यकशास्त्रालाही ठाऊक आहे. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. त्यांचे तुषार श्वासावाटे गेले, तर शरीर त्यांच्याविषयी कायमचे संवेदनशील होऊ शकते आणि एकदा तसे झाले की अत्यल्प प्रमाणानेही दम्याचा झटका येतो. घातक प्रमाण झाले तरी वासाने ते कळत नाही. कोळशाचा मास्क फवारणीच्या वेळी पुरेसा धरला जात नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचून गाळणारी बंद खोली लागते. व्यावसायिक दम्याच्या प्रमुख कारणांत आयसोसायनेटची गणना होते आणि गाड्या रंगवणारे कारागीर त्याला अधिक बळी पडतात. पुट्टीत मिसळायचा हार्डनर निराळ्या रसायनाचा असतो; तरी त्याची धूळही मास्कशिवाय घेऊ नये.

"तुम्ही मास्क लावाल, शेठ," मिस्त्री म्हणाले. "अंगणात पोरं खेळतात, त्यांना कोण लावणार?"

शेठजींची चार वर्षांची नात रोज संध्याकाळी त्याच मांडवाशेजारी खेळत असे. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने शेठजी सोलापूरला गेले आणि न उघडलेला डबा दुकानदाराला परत करून आले. दुकानदाराने रक्कम कापून घेतली. ती त्यांनी छंदाच्या वहीत 'शिकवणी' या सदराखाली लिहिली.

अकरा तास

मार्गशीर्षात हवा कोरडी झाली. सकाळची गार वेळ टाळून, पत्रा उन्हाने कोमट झाल्यावर, दहा ते एकच्या दरम्यान काम होऊ लागले. नायट्रोसेल्युलोज रंगही निरुपद्रवी नसतो. त्याचा थिनर भडका घेणारा आणि त्याची वाफ डोके जड करणारी. म्हणून सेंद्रिय वाफ रोखणाऱ्या डब्यांचा मास्क, चष्मा, हातमोजे, जवळपास स्वयंपाकाचा गॅस किंवा विजेची ठिणगी नाही, आणि मुले त्या वेळी शाळेत, असे नियम ठरले. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली जाई. खरकटे थिनर गटारीत न ओतता बरणीत निवळत ठेवले जाई. वरचे स्वच्छ थिनर पुन्हा गन धुवायला उपयोगी पडे.

एक-एक भाग सुटा करून रंगवला. प्रत्येकाला पाच हात दिले, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटांची उसंत. तीन आठवडे रंग कडक होऊ दिल्यावर १,५०० आणि २,००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून, कंपाउंडने हाताने उजाळा आणला. हस्तिदंती रंगातून प्रथम मांडवाचे बांबू दिसू लागले, मग शेठजींचा स्वतःचा चेहरा.

वहीतील तासांचा हिशेब असा होता : जुना रंग व गंज काढणे ९६, पुट्टी व घासणे १२८, प्रायमर व त्याचे घासणे ५२, धुणे व कागद-टेप लावणे १८, प्रत्यक्ष फवारणी ११, शेवटचा उजाळा ३५. एकूण ३४० तास. ज्याला लोक रंगकाम म्हणतात, ते त्यांत शंभराला जेमतेम सव्वातीन. मुलाने तो आकडा दोनदा वाचला. गॅरेजवाल्यांनी सांगितलेली रक्कम त्याला आता पूर्वीइतकी अवाजवी वाटली नाही. भंगाराचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

ज्यांना हा छंद जोपासावासा वाटतो, त्यांनी एखाद्या जुन्या मडगार्डापासून किंवा स्कूटरच्या डिकीपासून आरंभ करावा आणि हार्डनरचा रंग हवाच असेल, तर सुटे भाग घासून-प्रायमर लावून, योग्य सोयी असलेल्या गॅरेजमध्ये केवळ शेवटचा हात मारून घ्यावा, असा सल्ला शेठजी आता येणाऱ्या-जाणाऱ्यांना देतात. त्या गॅरेजमधला रंगारी कसला मास्क लावतो, हेही जाऊन पाहायला ते सांगतात.

गाडी जोडून झाली त्या दिवशी मिस्त्री तिच्याभोवती एकदा सावकाश फिरले. मागच्या डाव्या दाराच्या तळाशी त्यांचे बोट थांबले. तिथे एक ओघळ राहून गेला होता.

"घासून काढू का?" शेठजींनी विचारले.

"राहू द्या. उद्या कुणी म्हणालं की गॅरेजातून करून आणली, तर दाखवायला होईल."

मग शेठजींनी पुढचे दार उघडून धरले. सूनबाई मागे नातीला घेऊन बसल्या आणि मिस्त्री पुढच्या आसनावर, काच पूर्ण खाली करून.